भूल आणि शुद्धी

बारामती-इंदापूरकडे कोणाची शस्त्रक्रिया व्हावयाची असली, म्हणजे बाहेर बसलेली मंडळी ‘काम नीट झाले का?’ याच्या आधी ‘शुद्धीवर आला का?’ असे विचारतात. हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. भुलीचा सारा इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देतो.

सिम्प्सनने १८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबर्ग येथे क्लोरोफॉर्म प्रचारात आणले. तीन महिनेही लोटले नाहीत तोच, २८ जानेवारी १८४८ रोजी, न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्यापुरत्या दिलेल्या भुलीने दगावली. घात आधी श्वासाचा होतो की हृदयाचा, हे ठरविण्यास निजामाच्या हैदराबादेत १८८८ व १८८९ साली दोन मंडळे बसली. त्यांनी श्वासाकडे बोट दाखविले. पुढे १९११ साली लेव्हीने दाखविले की, हलक्या, अर्धवट भुलीतच हृदय एकाएकी बंद पडते. म्हणजे जी सौम्य म्हणून निर्धास्त वाटे, तीच घातक! शिवाय रोगी उठून बोलू लागल्यावर एक-दोन दिवसांनी त्याचे यकृत बिघडे, ते निराळेच.

आमच्या जिल्ह्यातील प्रसिद्ध प्रसंग १२ जानेवारी १९२४ च्या रात्रीचा. येरवड्याच्या तुरुंगातून पुण्यास ससून रुग्णालयात आणलेल्या महात्मा गांधींच्या आंत्रपुच्छावर कर्नल मॅडॉक यांनी क्लोरोफॉर्म देववून शस्त्रक्रिया केली. मध्येच विजेचे दिवे गेले आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात उरकावे लागले. चरित्रकार त्या कंदिलापाशीच थबकतात. मला मात्र रोग्याच्या उशाशी बसून भूल देणाऱ्याचे स्मरण होते. ओठांचा रंग पाहावा, श्वास ऐकावा, नाडीवर बोट ठेवावे, एवढीच त्याची साधने. त्यांपैकी पहिले दिव्याबरोबरच गेले. ५ फेब्रुवारीस सरकारने गांधींना मुक्त केले, तरी प्रकृती सावरण्यासाठी त्यांस पुढे जुहूच्या समुद्रकाठी राहावे लागले.

क्लोरोफॉर्म केव्हाच मागे पडले. ओठांच्या रंगाचे काम आता बोटाला लावावयाचा चिमटा करितो. त्याचे तत्त्व जपानच्या आओयागींनी १९७४ साली मांडले. बारामतीसही वैद्यकीय महाविद्यालय झाले. तथापि अर्धवट शुद्धीत जीभ मागे पडून श्वास कोंडतो, ओकारी श्वासनलिकेत उतरते, ही भये उरलीच आहेत. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतात ते याचसाठी. आणि घरचे वृद्ध माणूस शुद्धीवर येऊनही दोन-चार दिवस असंबद्ध बोलते, मुलांस ओळखत नाही. तेव्हा मंडळी देवऋषी शोधू लागतात. तो भ्रम बहुधा ओसरतो. पण तोवर डॉक्टरांस कळवावे, रात्री कोणीतरी जवळ बसावे आणि त्याचा चष्मा त्याच्या हाताशी ठेवावा.