चिलीम, हुक्का आणि साहेबी पाइप : द्रव्यावरून काळ कसा ओळखावा?

१/ नाशिकच्या जुन्या बाजारात किंवा एखाद्या वाड्याच्या माळ्यावर चिलीम, हुक्क्याचे बूड नाहीतर लाकडी पाइप हाती लागतो आणि सोबत एक वाक्य हमखास ऐकू येते : 'ही वस्तू पेशवेकालीन आहे.' हे वाक्य तपासायचे कसे? अशा वस्तूंवर सन क्वचितच कोरलेला असतो. मात्र त्यांचे द्रव्य, म्हणजे माती, धातू, लाकूड, रबर, पुष्कळ काही सांगून जाते. त्याविषयी हा थ्रेड.

२/ पहिली सीमारेषा तंबाखूची. ही वनस्पती मूळची अमेरिकेतील. पोर्तुगीजांमार्फत ती आपल्याकडे आली. अकबराचा वकील असदबेग १६०४च्या सुमारास विजापूरहून परतला, तेव्हा त्याने बादशहापुढे तंबाखू आणि रत्नजडित नळी ठेवली. तंबाखू दख्खनेतून उत्तरेस गेली ती अशी. १६१७मध्ये जहांगीराने तिच्यावर बंदी घातली. ती टिकली नाही.

३/ म्हणून तंबाखूची कोणतीही नळी 'यादवकालीन' असू शकत नाही. मात्र नळी दिसली की तंबाखू, असेही समीकरण मांडता येत नाही. चरकसंहितेत औषधी धूमपानासाठी 'धूमनेत्र' नावाची नळी सांगितली आहे, आणि गांजाची चिलीम सिंहस्थातील साधूंच्या हाती आजही दिसते.

४/ आता माती. भाजक्या मातीची चिलीम हे सर्वांत साधे आणि काळ ठरवण्यास सर्वांत अवघड साधन. शंकूसारखा आकार, तळाशी खडा, धरायला ओली छापी. शतकानुशतके यात फारसा बदल नाही. आतल्या बाजूस वर्तुळाकार रेषा असतील तर ती चाकावर घडली. दोन्ही अंगांना उभी शिवण दिसली तर साच्यात. यातून घडण कळते, सन नव्हे.

५/ मग मातीच्या चिलमीचा काळ कशावरून ठरतो? थरावरून. ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१मध्ये नाशिकच्या गोदाकाठच्या मातीच्या गढीत उत्खनन केले. तेथे ताम्रपाषाणयुगापासून मुसलमानी-मराठा काळापर्यंतचे थर एकावर एक मिळाले. थरात सापडलेला तुकडा शेजारच्या नाण्या-बांगड्यांच्या साक्षीने बोलतो. तोच तुकडा कोणी खिशात घालून नेला, की मुका होतो.

६/ धातूंत बोलका तो बिदरी हुक्का. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतकाम, त्यावर चांदीचे जडावकाम आणि बीदरच्या किल्ल्यातील मातीने आणलेला काळा रंग. येथे आकारही मदतीस येतो. १७व्या शतकातील बुडे बहुधा गोल असून त्यांना टेकवायला कडे लागे. १८व्या शतकात सपाट बुडाचा, घंटेसारखा आकार रूढ झाला.

७/ तांब्या-पितळेच्या हुक्क्यांत पत्रा पाहावा. नाशिकच्या तांबटांचे ठोक्याचे काम प्रसिद्धच आहे. हाताने ठोकलेल्या पत्र्याची जाडी कमीजास्त होते. एकसारख्या जाडीचा, यंत्रावर लाटलेला पत्रा बहुधा १९व्या शतकातला किंवा त्यानंतरचा. मात्र ठोक्यांच्या खुणा आजही उमटवता येतात; तेवढ्यावरून 'प्राचीन' म्हणू नये. वस्तू ॲल्युमिनियमची असेल तर प्रश्नच मिटला : हा धातू स्वस्त झाला तो १८८६च्या शोधानंतर.

८/ साहेबी पाइपांकडे वळू. नाशिकजवळ देवळालीला इंग्रजांची लष्करी छावणी होती, त्यामुळे असे पाइप या भागात मिळणे नवल नाही. सर्वांत जुना प्रकार पांढऱ्या मातीचा. १९५४मध्ये अमेरिकी पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांनी दाखवले की अशा इंग्रजी पाइपांच्या नळीचे छिद्र काळानुसार अरुंद होत गेले : १६००च्या सुमारास ९/६४ इंच, तर १७५० ते १८००मध्ये ४/६४ इंच. ही पद्धत पुष्कळ तुकड्यांच्या सरासरीवर चालते. एका तुकड्यावर भरवसा नको.

९/ ब्रायर, म्हणजे भूमध्य प्रदेशातील एका झुडपाच्या मुळाची गाठ. तिचे पाइप १९व्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये रूढ झाले. त्यामुळे ब्रायरचा पाइप 'नाना फडणविसांचा' असणे शक्य नाही. नाना १८०० साली वारले. तोंडात धरायचा भाग कडक काळ्या रबराचा असेल तर तो १८४०च्या दशकापूर्वीचा नाही. हे रबर जुने होताना तपकिरी-हिरवट पडते आणि चोळल्यास गंधकाचा वास येतो.

१०/ पिवळट, पारदर्शक तोंड म्हणजे अंबर की बेकेलाइट? बेकेलाइटचा शोध १९०७चा. सुटे तोंड मिठाच्या संपृक्त पाण्यात टाकावे : अंबर तरंगते, बेकेलाइट बुडते.

११/ सर्वांत महत्त्वाचा नियम : प्रत्येक भागाचा काळ वेगळा ठरवावा. तोंड झिजते, नेचा कुजतो, चांदीचे कडे मागाहून बसवतात. कड्यावरच्या इंग्रजी ठशातील वर्षाक्षर कड्याचा सन सांगते, लाकडाचा नव्हे. आणि द्रव्य नेहमी 'याच्या आधीची नाही' एवढेच सांगते. 'याच वर्षाची आहे' असे कधीच नाही.

१२/ शेवटी दोन विनंत्या. जुनी चिलीम मिळाली तर आतली काजळी घासू नका. तीत निकोटिनचा अंश उरला असेल, तर तंबाखू ओढली गेल्याचा पुरावा तोच. आणि १९७२च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू 'पुरावशेष' ठरते. तिच्या व्यापाराला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. 'पेशवेकालीन' हा शब्द बाजारात किंमत वाढवतो. इतिहासात तो सिद्ध करावा लागतो.