कमी आवाजाचा डेस्कटॉप : कॅबिनेट आणि सुटे भाग कसे निवडावेत?

संगणकाचा आवाज मुख्यतः पंख्यांचा असतो आणि पंखे फिरतात ते आतली उष्णता बाहेर काढण्यासाठी. म्हणजे शांत संगणक हवा असेल तर तो मुळात कमी तापणारा आणि तापलाच तर सहज निवणारा असावा लागतो. हे तत्त्व सगळीकडे सारखेच आहे. पण थंड देशांत लिहिलेल्या शिफारशी जशाच्या तशा उचलल्या तर मराठवाड्यात फसगत होते.

परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातले राणीसावरगाव उदाहरणादाखल घेऊ. मे महिन्यात या भागात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, डिसेंबरात कधी कधी १० अंशांच्या खाली येतो. काळ्या मातीची बारीक धूळ वर्षभर असते. वीज ये-जा करते. अशा घरात रात्री अभ्यास करणाऱ्या मुलाला किंवा ऑनलाइन तासिका रेकॉर्ड करणाऱ्या शिक्षकाला घोंघावणारे यंत्र नको असते.

बंद कॅबिनेट की जाळीचे?

‘सायलेंट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅबिनेटचा पुढचा भाग बहुधा बंद असतो आणि आतून फोम लावलेला असतो. फोम तीव्र, उंच पट्टीचा आवाज थोडा शोषतो. खालच्या पट्टीची घरघर तो फारशी अडवत नाही. पण हवेची वाट मात्र नक्कीच अरुंद होते.

याचा हिशोब सोपा आहे. कॅबिनेटमधली हवा ४५ अंशांपर्यंत तापलेली चालेल असे समजू. खोली २५ अंशांवर असेल तर आत येणारी हवा २० अंशांनी तापून बाहेर जाऊ शकते. खोलीच ३८ अंशांवर असेल तर तिला फक्त ७ अंशांची मोकळीक उरते. तेवढीच उष्णता बाहेर न्यायला मग जवळजवळ तिप्पट हवा लागते. बंद कॅबिनेटमध्ये ती हवा ओढायला पंखे जोरात फिरतात आणि फोमने वाचवलेला आवाज पंख्यांनी परत येतो. म्हणून आपल्याकडे पुढून पूर्ण जाळीचे कॅबिनेटच घ्यावे. दुकानात पुढे काच आणि आत रंगीत दिवे असलेली कॅबिनेट हमखास पुढे केली जातात; ती दिसायला छान असतात, पण हवा बाजूच्या बारीक फटींतून घेतात. ती टाळलेली बरी.

जाळीमागे काढून धुता येणारा फिल्टर हवाच. तळाशी एसएमपीएसखालीही हवा. हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा थोडे जास्त ठेवले, तर आत किंचित जास्त दाब राहतो आणि धूळ फटींतून न शिरता फिल्टरवरच अडते. उन्हाळ्यात फिल्टर महिन्यातून एकदा धुवावा. चोंदलेला फिल्टर म्हणजे पुन्हा बंद कॅबिनेटच.

दोन मोठे पंखे, पण सावकाश

पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. दोन सारखे पंखे एकत्र चालले तर एकाच्या तुलनेत आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे एक पंखा पूर्ण वेगाने चालवण्याऐवजी दोन पंखे निम्म्या वेगाने चालवले, तर साधारण तेवढीच हवा सुमारे १२ डेसिबल कमी आवाजात मिळते. १० डेसिबलचा फरक कानाला जवळपास निम्मा आवाज वाटतो, हे लक्षात घेतले की या खर्चाचा अर्थ कळतो. पंखे १२० किंवा १४० मिलिमीटरचे आणि चार पिनांचे घ्यावेत. मग बायोसमध्ये तापमानानुसार वेग ठरवता येतो आणि डिसेंबरात तेच यंत्र जवळपास निःशब्द चालते. साध्या स्लीव्ह बेअरिंगचे स्वस्त पंखे उष्णतेत लवकर कोरडे पडून खडखडतात.

तापणारे भाग

अभ्यास, कार्यालयीन काम आणि साधे व्हिडिओ संपादन यांसाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ते नसले की यंत्रातला एक मोठा उष्णतेचा स्रोत आणि त्याचे पंखे दोन्ही जातात. रायझन ५ ५६००जी किंवा इंटेल कोअर आय३-१२१०० यांसारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असते. त्यांच्यावर लिहिलेला ६५ किंवा ६० वॉटचा आकडा मात्र शब्दशः घेऊ नये. जोर आला की ते ९० वॉटच्या आसपास जातात. बायोसमधून ही मर्यादा खाली आणता येते. वेग किंचित कमी होतो, आवाज बराच कमी होतो.

प्रोसेसरच्या खोक्यात येणारा छोटा पंखा सर्वांत जास्त किरकिरतो. त्याजागी १२० मिलिमीटर पंख्याचा उभा टॉवर कूलर बसवावा. असे कूलर बरेचदा १५५ मिलिमीटर किंवा त्याहून उंच असतात, तेव्हा कॅबिनेटमध्ये तेवढी जागा आहे का ते आधी पाहावे. उभा कूलर आणल्यावर झाकण न लागणे ही नेहमीची तक्रार आहे.

हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्यावी. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० कंपनांची गुणगुण काढते आणि ती टेबलातून घुमते.

कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस वापरू नये, हे आवाजापेक्षा सुरक्षेसाठी जास्त महत्त्वाचे. चांगल्या कंपनीचा, ‘८० प्लस’ प्रमाणित, ४५० ते ५५० वॉटचा पुरतो. असे यंत्र त्यातले निम्मेही वापरत नाही, त्यामुळे त्याचा पंखा सावकाश फिरतो. घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा असावा. चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर छताचा पंखाही घुमतो आणि काही एसएमपीएस कुरकुरतात.

ठेवायचे कुठे?

छताचा पंखा पूर्ण वेगात असताना वरचे सगळे भाग कितीही चांगले असले तरी फरक ऐकू येणार नाही. फरक कळतो तो रात्री, थंडीत आणि रेकॉर्डिंगसाठी पंखा बंद केल्यावर. पत्र्याच्या खोलीपेक्षा माळवदाची खोली दुपारी थंड राहते. घरात दोन्ही असतील तर संगणक माळवदाखाली ठेवावा. टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबू नये, मागे वीतभर जागा सोडावी, आणि केर काढताना उडणारी धूळ लक्षात घेऊन जमिनीवर न ठेवता पाटावर किंवा स्टँडवर ठेवावा. पाण्याच्या कूलरचा झोत थेट त्याच्यावर येऊ देऊ नये.