जुन्या विमानाने पावसाळे कुठे काढले?

15 ऑक्टोबर 1982 रोजी, वयाच्या 78 व्या वर्षी, जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. 1932 साली याच तारखेला त्यांनी आपल्या सेवेचे पहिले हवाई टपाल आणले ते पस मॉथ विमानातून. या वेळी हाती लेपर्ड मॉथ होते. डी हॅविलंड कंपनीने 1933 साली बाजारात आणलेली ही जात. पन्नाशीला आलेले असे विमान नीट राखले तर समुद्रकाठाने लांबची मजल मारते, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले. पण नीट राखलेले कोणते आणि वरवर रंगवलेले कोणते, हे गिरगाव-दादरच्या एखाद्या हौशी खरेदीदाराने ओळखायचे कसे?

विक्रेता आधी इंजिनाचे तास सांगतो. माझ्या मते पहिला प्रश्न दुसराच हवा: या विमानाने आपले पावसाळे कुठे काढले?

याचे कारण विमान कशाचे बनले आहे त्यात आहे. पस मॉथचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंख लाकडी. लेपर्ड मॉथमध्ये धडही प्लायवूडचे केले, त्यामुळे वजन घटले. त्या काळी लाकडाचे सांधे बहुधा केसीनच्या सरसाने जोडत. केसीन हे दुधातले प्रथिन. कोरड्या हवेत त्याची पकड उत्तम, पण ओल मुरली की बुरशी ते खाऊ लागते. ओलीला दाद न देणारा कृत्रिम सरस नॉर्मन डी ब्रुईन यांनी 1937 च्या सुमारास तयार केला, म्हणजे या विमानांच्या जन्मानंतर. मुंबईची हवा इथे उलट बाजूने काम करते. परळ-लालबागच्या गिरण्यांना जो दमटपणा मानवला, कारण त्यात सूत तुटत नाही, तोच दमटपणा केसीनचा वैरी आहे.

1944 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात भारतात ठेवलेल्या लाकडी मॉस्किटो विमानांच्या पंखांचे सांधे निकामी झाले आणि काही विमाने हवेतच मोडली. दोष इथल्या हवेचा की कारखान्यात नीट न जुळलेल्या सांध्यांचा, यावर तेव्हा बराच वाद झाला. खरेदीदाराच्या दृष्टीने दोन्हींतून एकच गोष्ट निघते: कच्चा सांधा दमट हवेत आधी उघडा पडतो, आणि तो बाहेरून दिसत नाही.

म्हणून तपासणी कापडाच्या आत व्हायला हवी. पंखांवर लिनन किंवा सुती कापड ताणून त्यावर डोपचे, म्हणजे कापड घट्ट करणाऱ्या लाखेसारख्या लेपाचे, थर दिलेले असतात. नवा रंग खालचे सगळे झाकतो. मागच्या कडेची पाणी निथळण्याची छिद्रे बुजली आहेत का ते आधी पाहावे, कारण पाणी तिथेच साचते. मग तुळयांची टोके आणि धातूचे बोल्ट जिथे लाकडात शिरतात त्या जागा. गिरगावातल्या जुन्या चाळीची तुळई मधे ठणठणीत असते आणि भिंतीत शिरलेल्या टोकाशी कुजते, तसेच इथे. बोल्टभोवती काळपट डाग दिसला तर ओल आत गेली आहे असे समजावे. लाकडातला ओलावा मापकाने मोजावा. 20 टक्क्यांपुढे गेला की कुजणे सुरू होण्याची भीती.

भारतात बनलेले हलके विमान हवे असेल तर पुष्पक. हिंदुस्थान एअरक्राफ्टने 1958 साली प्रथम उडवलेले, दोन आसनी, 90 अश्वशक्तीचे कॉन्टिनेंटल इंजिन. फ्लाइंग क्लबांनी ते वर्षानुवर्षे वापरले. याच्या धडाच्या पोलादी नळ्यांना गंज आतून लागतो, विशेषतः शेपटीकडच्या खालच्या नळ्यांना, कारण पाणी उतरून तिथेच थांबते. टोचून किंवा ध्वनिलहरींनी जाडी मोजल्याशिवाय त्यांच्यावर विश्वास ठेवू नये.

इंजिनाचे तास कमी असणे ही शिफारस नव्हे. वर्षानुवर्षे न फिरलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवर दमट हवेचे पाणी बसते आणि गंज धरतो. दर महिन्याला उडणारे, तास जास्त असलेले इंजिन मी केव्हाही पसंत करीन.

कागदपत्रांत लॉगबुक सर्वांत मोलाचे. नोंदणी आणि उड्डाणयोग्यता प्रमाणपत्राचे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे असते. परदेशातून जुने विमान आणताना त्याच्या वयाचा प्रश्न येतो, म्हणून पैसे देण्याआधीच तिथे विचारणा करावी. मॉथ कुळातल्या अनेक विमानांचा तांत्रिक आधार आज इंग्लंडमधल्या डक्सफर्डच्या डी हॅविलंड सपोर्ट कंपनीकडे आहे. तिच्या सूचना लॉगबुकात अमलात आलेल्या दिसतात का ते पाहावे.

विमान ठेवायचे कुठे, हेही आधी ठरवावे. टाटांची टपालसेवा सुरुवातीच्या वर्षांत पावसाळ्यात पुण्याला हलवावी लागे, कारण जुहूची धावपट्टी चिखलात जाई. आज जुहूवर मुख्यतः हेलिकॉप्टरे असतात. घराजवळ ठेवण्याचा मोह सोडून बारामती किंवा धुळ्यासारख्या घाटापलीकडच्या कोरड्या जागेचा विचार करावा, आणि तिथल्या छपराचे भाडे किमतीतच धरावे.

सौद्याच्या कागदात एक अट आवर्जून घालावी: ठरलेल्या जागी कापड उघडून अभियंत्याने तपासल्यावरच पूर्ण रक्कम. कापड पुन्हा चढवण्याचा खर्च दोघांत वाटून घेता येतो. ही अट विक्रेत्याला मान्य नसेल, तर दुसरे विमान शोधावे.