दोरीचं वजन

उमरग्याहून पूर्वेला निघालं की राज्याची सीमा ओलांडून थोड्याच वेळात बसवकल्याण येतं. चालुक्यांची कल्याणी ती हीच. इथल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ 1129 च्या सुमाराचा. मराठीचे अभ्यासक तो उघडतात ओवीच्या उल्लेखासाठी. पण त्यातच ‘मत्स्यविनोद’ आहे, म्हणजे गळाने मासे धरण्याचा खेळ, पोटासाठी नव्हे तर राजाच्या करमणुकीसाठी. मासे कोणते, त्यांना काय चारून जागेवर आणायचं, काठी, दोरी, गळ, आमिष, सगळं शिस्तीत सांगितलेलं. गजानन श्रीगोंदेकरांनी संपादलेला हा ग्रंथ बडोद्याहून छापला गेला. गळ टाकणाऱ्यांच्या हाती मात्र तो क्वचितच पडला असेल.

बोरी-तेरणा नद्यांच्या काठावर गळ टाकणाऱ्याला त्याची गरजही नाही. बांबूची काठी, तंगूस, गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी, लांब टाकायचं असेल तर शिशाचा तुकडा. पुढे झेपावतं ते शिसं, तंगूस नुसता त्याच्यामागे ओढला जातो. त्यामुळे तो घेताना विचारायचं एवढंच, की केवढ्या माशाला तुटणार नाही.

युरोपातल्या माशी-गळाने हा हिशेबच उलटा केला. पिसं आणि केस बांधून केलेल्या खोट्या माशीला वजन जवळजवळ नाहीच, ती फेकणार कशी? मग वजन दोरीतच आणलं. गोफणीतून दगड सुटतो. इथे दोरीच दगड झाली. आधी ती घोड्याच्या शेपटीच्या केसांची, टोकाकडे केस कमी करत वळलेली. मग तेल पाजलेली रेशमाची आली. ती रोज वाळवली नाही तर कुजायची. 1950 नंतर प्लास्टिकचं आवरण आलं आणि ही कटकट संपली.

स्कॉटलंडातल्या स्पे नदीवर वेगळीच अडचण होती. पाठीशी झाडी आणि उंच दरड, दोरी मागे भिरकवायला जागाच नाही. एकोणिसाव्या शतकात तिथल्या सामन मासे धरणाऱ्यांनी दोन्ही हातांची लांब काठी घेतली आणि दोरीचं टोक पाण्यावरच टेकवलं. पाणी टोक धरून ठेवतं, उरलेल्या दोरीचा फुगारा अंगामागे तयार होतो, त्याच्या वजनाने काठी वाकते आणि दोरी पुढे सुटते. हीच स्पे-फेक.

आता सिएटलला नोकरीला गेलेला कोणी उमरगेकर पहिला स्पे-संच, म्हणजे अशी काठी आणि तिची दोरी, घ्यायला दुकानात उभा राहिला, तर तो काठीवरचा आकडा, म्हणजे दोरीच्या वजनाचा क्रमांक, बघेल आणि तिथेच फसेल. एकहाती काठीच्या मोजणीत 7 क्रमांकाच्या दोरीचे पहिले 30 फूट 185 ग्रेनचे, म्हणजे साधारण 12 ग्रॅम. 7 क्रमांकाच्या स्पे-काठीला याच्या दुपटीहून जास्त वजन लागतं. म्हणून क्रमांक सोडून ग्रेन बघावेत, काठी बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेतले. मग माशी. जड, बुडणारी असेल तर आखूड आणि भारी ‘स्कॅजिट’ दोरी. हलकी, वरून जाणारी असेल तर लांब, निमुळती ‘स्कँडी’. जुनी साठ-सत्तर फुटी दोरी देखणी खरी, पण नवख्याने तिच्या नादी लागू नये. मी तरी त्याला स्कॅजिटच घ्यायला सांगेन: काठ अरुंद असला तरी ती चालते, आणि हात चुकला तरी माशी पाण्यापर्यंत पोचते.