गाडीच्या पुढच्या बाजूने आवाज येतोय? पार्ट बदलण्याआधी दोष असा शोधा

खड्ड्यातून गाडी गेली की पुढून ‘टक-टक’ आवाज. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि सांगितलं, “शॉकअप गेलेत, दोन्ही बदला.” माझ्या जुन्या हॅचबॅकचे मी दोन्ही बदलले. घरी येताना पहिल्याच गतिरोधकावर तोच आवाज! खरा दोषी निघाला लिंक रॉड, काहीशे रुपयांचा पार्ट. तेव्हापासून मी हे काम स्वतः शिकायला लागलो. पाना चालवणं लवकर जमलं, दोष ओळखायला मात्र वेळ लागला. म्हणून या लेखात भर त्यावरच आहे.

आधी रचना समजून घ्या

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र बसवलेला खांब. खाली असतो लोअर आर्म. त्याचं आतलं टोक रबरी बुशमधून गाडीच्या सांगाड्याला आणि बाहेरचं टोक बॉल जॉइंटने चाकाच्या नकलला जोडलेलं असतं. स्टिअरिंग फिरवलं की रॅक डावी-उजवीकडे सरकते आणि रॅक एंड व टाय रॉड एंडमार्फत चाक वळतं. लिंक रॉड स्ट्रटला (काही गाड्यांत लोअर आर्मला) अँटी-रोल बारशी जोडतो.

लक्षण काय सांगतं?

- हळू वेगात, बारीक खड्ड्यांवर टक-टक: आधी लिंक रॉड बघा.
- ब्रेक मारताना ‘धप्’ आवाज किंवा गाडी एका बाजूला सरकणं: लोअर आर्मचा बुश.
- उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग सुटल्यासारखा ‘टुंग’ आवाज: स्ट्रटच्या वरचा माउंट किंवा बेअरिंग.
- पूर्ण वळवून गाडी चालवताना कट-कट: हा सस्पेन्शनचा दोष नाही, बहुधा अ‍ॅक्सलचा सीव्ही जॉइंट.
- ठरावीक वेगालाच स्टिअरिंग थरथरणं: आधी व्हील बॅलन्सिंग. फक्त ब्रेक मारतानाच थरथरत असेल तर ब्रेक डिस्क.
- टायरवर ठिकठिकाणी खळगे: शॉकअप. एकच कड घासलेली: टो किंवा कॅम्बर बिघडलाय.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी हवा तपासा. मग पुढचे दोन टायर आपसात बदला (टायर एकाच दिशेने फिरणारे नसतील तरच). ओढण्याची दिशा उलटली, तर दोष टायरचा. इथेच कित्येकदा प्रश्न सुटतो.

चाक हलवून तपासणी

सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना अडण. जॅक लावल्यावर खाली स्टँड हवाच. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

चाक हवेत आल्यावर घड्याळातल्या 12 आणि 6 च्या जागी धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला, तर व्हील बेअरिंग. तसाच राहिला, तर बॉल जॉइंट बघा. मग 3 आणि 9 ला धरून हलवा. इथे खेळ असेल तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंडवर संशय. बुश तपासायला छोट्या टॉमीने लोअर आर्म हळूच रेटा आणि रबर फाटलंय का ते बघा.

टाय रॉडसाठी आणखी एक सोपी युक्ती: गाडी जमिनीवर ठेवून दुसऱ्याला स्टिअरिंग थोडं-थोडं डावीकडे-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही बाहेरून जॉइंटकडे लक्ष ठेवा. झिजलेला जॉइंट आधी स्वतः हलतो, चाक नंतर.

बदलताना होणाऱ्या चुका

लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटपर्यंत आवळू नका. चाकांवर वजन आल्यावरच पूर्ण टॉर्क द्या. नाहीतर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मी पहिल्यांदा हीच चूक केली होती.

टाय रॉड एंड काढण्याआधी लॉक नटच्या जागेवर खूण करा आणि एंड किती आट्यांत सुटतो ते मोजा. नवा तितक्याच आट्या बसवला की गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत नीट जाते. अलाइनमेंट नेहमी शेवटी. ढिल्या जॉइंटवर केलेलं अलाइनमेंट म्हणजे पैसे पाण्यात.

कुठे थांबायचं?

स्ट्रटमधली दाबलेली स्प्रिंग कंप्रेसरशिवाय उघडली तर जिवावर बेतू शकतं. ते काम अनुभवी मेकॅनिकसोबतच करा. स्टिअरिंग कॉलममध्ये एअरबॅगची वायरिंग असते, तिला हात लावू नका. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा दिवा लागला असेल तर आधी स्कॅनर लावून कोड बघा.

आणि बॉल जॉइंटमध्ये खेळ सापडला तर “पुढच्या महिन्यात बघू” म्हणू नका. तो निखळला की चाक जागेवरच दुमडतं आणि गाडी ताब्यात राहत नाही. लिंक रॉडचा आवाज काही दिवस ऐकून घेता येतो, बॉल जॉइंटचा नाही. हा फरक ओळखता आला, तर शिकण्याची मेहनत वसूल झाली समजा.