अंधेरीच्या रोबोचे ट्रॉम्बेतले भाऊबंद

अंधेरीला चार बंगल्याजवळच्या कोकिलाबेन रुग्णालयात ‘दा विंची’ रोबोने ऑपरेशनं होतात. ‘म्हणजे कापाकापी मशीन करणार?’ हा अशा वेळी नातेवाइकांचा ठरलेला प्रश्न. मशीन स्वतःच्या मनाने काहीच करत नाही. सर्जन त्याच खोलीत कन्सोलमध्ये डोकं घालून बसतो, अंगठा आणि बोट कड्यांत अडकवतो आणि मनगट वळवतो. पेशंटच्या पोटातला चिमटाही तसाच वळतो.

हाच प्रकार ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात जुना आहे. किरणोत्सारी पदार्थ हाताळायच्या बंदिस्त खोलीची, म्हणजे हॉट सेलची, जाड भिंत, तिला शिशाच्या काचेची खिडकी. अलीकडे तंत्रज्ञाची मूठ, पलीकडे किरणोत्सारी वस्तू धरलेला यांत्रिक पंजा. नाव मास्टर-स्लेव्ह मॅनिप्युलेटर. माझं म्हणणं असं की ही दोन यंत्रं एकाच घराण्यातली आहेत.

सर्जिकल रोबोंची रूढ कुळकथा वेगळी आहे. १९८५ साली कॅलिफोर्नियात मेंदूतल्या गाठीचा तुकडा काढायला ‘पुमा’ हा कारखान्यातला यांत्रिक हात वापरला. १९९२ साली ‘रोबोडॉक’ने खुब्याच्या शस्त्रक्रियेत मांडीचं हाड कोरलं. पण ही यंत्रं आधी आखून दिलेल्या मोजमापावर चालायची. दा विंचीला असा आराखडा नसतो, त्याला सर्जनचा हात लागतो. म्हणून कारखान्याची शाखा मी बाजूला ठेवतो.

दुसरा दावा नासा आणि अमेरिकन लष्कराचा: रणांगणावरच्या जखमींवर दूरवरून ऑपरेशन करण्याची कल्पना, त्यासाठी एसआरआय संस्थेत फिलिप ग्रीन यांनी बांधलेलं यंत्र, आणि त्याचा परवाना घेऊन १९९५ साली उभी राहिलेली, दा विंची बनवणारी इंट्युइटिव्ह सर्जिकल. हे खरंच आहे, पण ही मधली पिढी झाली. मूळपुरुष रेमंड गोर्ट्झ. शिकागोजवळच्या आरगॉन प्रयोगशाळेत चाळिसाच्या दशकाअखेरीस त्यांनी अणुपदार्थ हाताळणारे जोड-हात बनवले आणि १९५४ च्या सुमारास त्यांना विजेवर चालवलं.

यावर आक्षेप एकच, पण वजनदार. गोर्ट्झच्या यंत्रात पलीकडचा पंजा कशाला टेकला की अलीकडच्या मुठीला ते कळायचं. २००० साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या दा विंचीत नेमकी ही जाणीवच नव्हती. टाका किती ओढायचा हे सर्जन डोळ्यांनी जोखायचा: दोरा किती ताणलाय, ऊती पांढरी पडतेय का. घराण्याची मुख्य खूणच नाही, तर वंश कसला?

माझं उत्तर चिमट्याच्या मनगटात आहे. मोटर बाहेर राहते. नळीतून गेलेल्या बारीक तारा इवल्याशा कप्प्यांवरून वळून टोकाचे जबडे हलवतात. ताकद एका जागी, काम दुसऱ्या जागी, मध्ये तारा: हा थेट गोर्ट्झचा वारसा. माझा तर्क असा की तारांच्या घर्षणात स्पर्श हरवला आणि त्याची भरपाई त्रिमितीय चित्रावर सोपवली गेली. २०२४ साली मान्यता मिळालेल्या दा विंची ५ मध्ये तो स्पर्श परत आला. आजोबांचा गुण नातवात उतरला म्हणायचं.

कूळ कळलं की सुरक्षिततेचा प्रश्नही नीट मांडता येतो: यंत्र स्वतः काही करत नसेल, तर कुठल्या ऑपरेशनात त्याचा फायदा, हे पाहायचं. केंब्रिजच्या ‘व्हर्सियस’ या सर्जिकल रोबोची माणसांवरची पहिली चाचणी २०१९ साली पुण्यात, दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात सुरू झाली. पहिल्या ३० शस्त्रक्रियांत एकदाही रोबो सोडून दुसऱ्या पद्धतीकडे वळावं लागलं नाही. उलट बाजूही आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगात पोट उघडून ऑपरेशन झालेल्यांपैकी साडेचार वर्षांनी ९६.५ टक्के रोगमुक्त होत्या. दुर्बिणीने किंवा रोबोने ऑपरेशन झालेल्यांपैकी ८६ टक्के. एका अवयवाला जे सोयीचं, ते प्रत्येक अवयवाला असेलच असं नाही.

हात सर्जनचाच, यंत्र फक्त तो आत पोचवतं. तेव्हा रोबो कुठल्या कंपनीचा हे नंतर विचारा. आधी सर्जनला विचारा की हे ऑपरेशन रोबोने करण्यात माझ्या आजाराला काय फायदा, आणि तुम्ही अशी किती केलीत.