खो-खोचा जमाखर्च

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जगातल्या कुठल्याही गोष्टीला दोनच बाजू असतात, डावीकडे नावे आणि उजवीकडे जमा, अशी माझी प्रामाणिक समजूत आहे. त्यामुळे २०२२ साली, सातवीतली आमची कन्या गुडघे फोडून घरी आली आणि "बाबा, मी खो-खोच्या संघात जाऊ?" असं म्हणाली, तेव्हा मी उभ्या उभ्या खातं उघडलं. नावे : दोन गुडघे, एक युनिफॉर्म, गणिताचा क्लास. जमा : निरंक. "खो-खो खेळून कुणाचं पोट भरलंय?" असा निकाल देऊन मी वर्तमानपत्रात डोकं घातलं. ती काही बोलली नाही. सौ.ही बोलली नाही. घरात दोघी गप्प बसल्या, की माझा हिशेब हमखास चुकलेला असतो.

वास्तविक खो-खो मी रोजच खेळतो. तीन नंबरच्या खिडकीने गिऱ्हाइकाला पाच नंबरवर खो द्यायचा, पाचाने साहेबांवर, आणि साहेबांनी 'उद्या या' म्हणून उद्यावर. फरक एवढाच, की मैदानात ज्याला खो मिळतो तो उठून पळतो.

तरी चुकलेला हिशेब मागच्या पानांपासून तपासावा, ही बँकेची शिकवण. मी तपासला. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाला नियमांत बसवलं. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी तो थेट जर्मनीत खेळून दाखवला. पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरली ती १९५९-६० मध्ये, विजयवाड्याला. पण फक्त पुरुषांची! बायकांना खो मिळाला तो पुढल्या वर्षी, कोल्हापुरात. मग सर्वोत्कृष्ट खेळाडूंसाठी पुरस्कार आले. पुरुषाला एकलव्य, महिलेला राणी लक्ष्मीबाई. अंगठा गमावलेला एक आणि राज्य गमावलेली दुसरी. खो-खोवाल्यांनी आपलं नशीब ओळखूनच ही नावं निवडली असावीत. कारण १९९८ नंतर तब्बल बावीस वर्षं या खेळाच्या वाट्याला अर्जुन पुरस्कार आलाच नाही. आमच्याकडे दोन वर्षं व्यवहार झाला नाही, तर खातं निष्क्रिय ठरतं!

ते खातं पुन्हा चालू झालं २०२० मध्ये, आणि ते केलं सारिका काळेने. २०१६ च्या गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी सुवर्णपदक जिंकलं, तेव्हाची कर्णधार. गाव? आमचंच! माझ्या गावची पोरगी देशाची कर्णधार होते आणि मला ते चार वर्षांनी वर्तमानपत्रातून कळतं. मी आपला इथे ठेवींवरचं व्याज मोजतोय.

त्यात २०२२ च्या नोव्हेंबरात पंचावन्नावी राष्ट्रीय स्पर्धा आमच्याच गावात भरली. गावाचं नाव तेव्हा सरकारी शिक्क्यावर उस्मानाबाद होतं. विजयवाड्याहून निघालेली स्पर्धा बासष्ट-त्रेसष्ट वर्षांनी दारात आली म्हटल्यावर "चला ना बाबा"ला नकार कसा देणार? मी पुढच्या पायरीवर बसलो, कन्या मागच्या पायरीवर. मागून समालोचन सुरू झालं. "आठ जणी बसतात, एकीआड एक उलट्या तोंडाने. नववी पळते. तिने एकदा दिशा घेतली, की खांब गाठेपर्यंत उलटं फिरता येत नाही."

"आमच्या बदलीसारखं," मी म्हणालो.

"बाबा, गप्प बसा ना!"

मी गप्प बसलो. समोर एका मुलीने खांबापाशी असा काही सूर मारला, की मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा ती माती झटकत उभी होती आणि पळणारी बाद होऊन बाहेर चालली होती. गुडघ्यांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. गुडघे नावे टाकायचे असतात, हे तिला कुणी शिकवलंच नसावं.

एवढ्यात माझ्या पाठीत सणसणीत थाप बसली आणि कानाशी आरोळी आली, "खो!"

मी चक्क उठून उभा राहिलो. "ओ काका, खाली बसा!" मागची पन्नास माणसं ओरडली. वळून पाहिलं तर कन्येचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती मैदानात होती. माझी पाठ तिच्या हाताशी होती, इतकंच.

त्या वर्षी महाराष्ट्राने पुरुष आणि महिला, दोन्ही अजिंक्यपदं जिंकली. दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन पालकांच्या संमतिपत्रावर सही केली. सवयीने तीन ठिकाणी केली.

पुढे जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघात आमच्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती. नववीतली आमची कन्या टीव्हीपुढे अशी बसली होती, की आता तिलाच खो मिळणार! ती स्वतः अजून तालुक्याच्या पुढे गेलेली नाही. कदाचित जाणारही नाही. गुडघे मात्र नेमाने फुटतात, आणि दर महिन्याला टिंक्चरची एक बाटली मी बिनतक्रार नावे टाकतो.

जमेच्या बाजूला काय लिहायचं, ते अजून सुचलेलं नाही. पण आताशा मी तिथे 'निरंक' लिहीत नाही.